वरच्या खोलीचं तापमान

अहो आई,

सभा छान झाली. म्हणजे आपण दोघी मागच्या रांगेत बसून ज्या सभांना छान म्हणायचो, तशी छान. मंडळाने शाळेचा कॅफेटेरिया घेतला होता. प्रोजेक्टर लावल्यावर तुमचा फोटो आडवा ताणला गेला आणि निवेदिकेचं प्रास्ताविक संपेपर्यंत पडद्यावर तुम्ही होतात त्याच्या दुप्पट रुंद दिसत होतात. मागे बासरी. मिशिगनमधल्या या ट्रॉयमध्ये मराठी माणूस गेलं की बासरी लागते. कुणी ठरवलं माहीत नाही, पण आता ती चुकवता येत नाही. तुम्हाला 'मातृतुल्य' म्हणून झालं, 'ऋषितुल्य' म्हणूनही झालं. ज्यांनी ऋषितुल्य म्हटलं त्यांनी तुम्हाला रमीत पत्ता लपवताना पाहिलेलं नव्हतं.

मग अध्यक्ष उठले. त्यांचं भाषण नेहमीप्रमाणे दोन भाषणांएवढं होतं. शेवटाकडे ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "या बर्फाच्या देशात राधिकाताईंनी सासूबाईंना मायेची ऊब दिली. आजच्या काळात अशी सून..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. अशी वाक्यं पूर्ण करायची नसतातच. कुणीतरी टाळी वाजवली. शोकसभेत टाळ्या वाजवाव्यात की नाही याबद्दल क्षणभर मतभेद दिसला आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी मान खाली घातली. ती विनयाने घातली असं सगळ्यांना वाटलं. शेजारच्या काकूंनी माझा हात दाबला.

तुम्ही शेजारी असतात तर काय केलं असतंत, याचा विचार मी टाळतेय. कारण तुम्हाला खरं माहीत होतं, आणि सभेच्या आधी ते मलाही कळलेलं होतं.

मेधाला अजून सांगितलेलं नाही. तिला व्हिसा वेळेत मिळाला नाही, म्हणून तुमच्या लेकीने तुमची सभा नाशिकला बसून लॅपटॉपवर पाहिली. मायेची ऊब तिनेही ऐकली. संपल्यावर तिचा मेसेज आला, "वहिनी, तू होतीस म्हणून आम्ही निर्धास्त होतो." मी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. चित्रांची हीच सोय आहे; ती खोटं बोलत नाहीत आणि खरंही बोलत नाहीत. पण दर हिवाळ्यात तुम्हाला नाशिकला पाठव म्हणून मागे लागायची ती मेधाच. त्यामुळे हे कळण्याचा पहिला हक्क तिचा आहे, आणि तिला फोन लावायला मला जमत नाहीये. अध्यक्षांनी अंकासाठी स्मृतिलेख मागितलाय, "दोन पानं, शक्यतो प्रेरणादायी." तो लिहायला बसले आणि हे लिहितेय.

घटना अगदी साधी आहे. तुम्ही गेल्यावर घर भरलं. माझा भाऊ शिकागोहून आला, अनिरुद्धचे जुने मित्र पिस्कॅटवेहून ड्राइव्ह करून आले, आमची खोली त्यांना दिली. एका दुपारी जेवणं आटोपल्यावर थोडं पडावं म्हणून मी तुमच्या खोलीत गेले. दार लोटलं आणि तुमच्या पलंगावर आडवी झाले. रडू येईल असं वाटलं होतं. आली ती थंडी.

दुःखाने अंग गार पडतं असं बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे, म्हणून आधी मी तेच समजले. मग नाक गार पडलं. दुःखाने नाक गार पडत नाही. मी तुमची गोधडी ओढून घेतली, मग तिच्यावरची दुसरी, मग पायाशी घडी करून ठेवलेली शाल. त्या सगळ्या तिथे कशा रचून ठेवल्या होत्या हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पडल्या जागेवरून, हात फारसा बाहेर न काढता, एकामागून एक ओढून घेता येतील अशा. ती एखाद्या दिवसाची मांडणी नव्हती. ती सुधारत सुधारत झालेली होती.

तुमच्या खोलीत मी रोज यायचे. चहा घेऊन, धुतलेले कपडे घेऊन, तुमच्या नातीची, ईराची तक्रार घेऊन. दारात उभी राहून बोलायचे आणि जायचे. त्या पलंगावर अर्धा तास स्वस्थ पडले, असं इतक्या हिवाळ्यांत एकदाही झालं नव्हतं.

घर घेताना एजंटने त्या खोलीला 'बोनस रूम' म्हटलं होतं. बोनस म्हणजे ती गॅरेजच्या डोक्यावर होती. घर तापवणारी फर्नेस बेसमेंटच्या एका कोपऱ्यात आणि तुमची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, दोन मजले वर. खाली न तापणारं गॅरेज, बाकी तीन बाजूंना मिशिगन. आणि सगळ्या घराच्या उष्णतेचा कारभार पाहणारा थर्मोस्टॅट खालच्या पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. तिथे कुकर होत असतो, ओव्हन चालू असतो, दिवेलागणीनंतर आम्ही सगळे तिथेच घुटमळत असतो. त्याला कधी थंडी वाजायचं कारणच नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात तुम्ही म्हणालात, "वर गारठा आहे रे." अनिरुद्धने तुम्हाला हाताला धरून खाली आणलं आणि भिंतीवरचा फॅरनहाइटमधला आकडा दाखवला. बहात्तर. मग त्याने तुम्हाला समजावून सांगितलं की गरम हवा वर जाते, त्यामुळे खाली बहात्तर असेल तर वर त्याहून जास्तच असणार. तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत. जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला तिचा मुलगा हे सांगत होता. मग म्हणालात, "गरम हवा वर जाते हे मी सातवीला दरवर्षी शिकवलं, अनू. ती जाते. माझ्या खोलीत येत नाही, एवढंच सांगतेय."

तो हसला. मीही हसले. आणि थर्मोस्टॅट बहात्तरवरच राहिला.

हा मुलगा गाड्यांच्या कंपनीत काय करतो, हे तुम्ही नाशिकच्या बायकांना अभिमानाने सांगायचात. ड्रायव्हरला वेगळी उष्णता, शेजारच्याला वेगळी, मागच्या सीटवरच्यांना वेगळी. एका गाडीत बसलेल्या माणसांना वेगवेगळी थंडी वाजू शकते, या एका गृहीतकावर आमचं घर चालतं. त्या घरात मात्र ते गृहीतक लागू नव्हतं.

त्याला नावं ठेवून मला सुटता येणार नाही. तो निदान आकड्यावर विश्वास ठेवून चुकला. मी वाचणारी बाई. लायब्ररीत नोकरी, घरात भिंतभर पुस्तकं, त्यामुळे साध्या वाक्याचा खोल अर्थ काढायची मला सवय. तुम्ही "गार वाटतं" म्हणालात, त्याचं मी मनातल्या मनात "एकटं वाटतं" असं केलं. घर सुटलं, सासरे गेले, परका देश, तर बाईला थंडी वाजणारच, असं मी अगदी समजूतदारपणे ठरवलं. आणि त्यावर उपाय म्हणून तुम्हाला मंडळाच्या भजनाला नेऊन सोडलं. तुम्हाला भजनाचा कंटाळा होता. पण तिथलं देऊळ चांगलं तापलेलं असायचं, म्हणून तुम्ही जात होतात की काय, हे आता विचारता येणार नाही.

पुढे धुपाचं प्रकरण झालं. संध्याकाळी देवापुढे धूप घालायची तुमची सवय, आणि ईराची सारखी धरणारी छाती. एकदा धुराचा अलार्म वाजला आणि तो बंद करायला अनिरुद्ध स्टुलावर चढून टॉवेल हलवत राहिला. त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, "आई, धूप नको आता. डॉक्टरांनी सांगितलंय, तिला धूर चालत नाही." तुम्ही विचारलंत, "मिरचीच्या फोडणीचा चालतो का?" तुम्ही आठवडाभर धूप घातला नाहीत, मग चिमूटभर घालायला लागलात, खिडकी किलकिली करून. मी ते पाहिलं. बोलून जे झालं नाही ते मी बाजारातून विकत आणायचं ठरवलं.

हार्डवेअरच्या दुकानात फर्नेसमध्ये घालायच्या, हवा गाळणाऱ्या फिल्टरांची एक आख्खी भिंत असते. बाहेरून सगळे सारखे. पुठ्ठ्याची चौकट आणि आत चुण्या घातलेला कागद. फरक आकड्यात. पाच, आठ, अकरा, तेरा. आकडा जितका मोठा तितका तो बारीक कण अडवतो, आणि तितकाच महाग. अनिरुद्ध इतकी वर्षं आठचा आणायचा. माझ्यासारख्या मराठी बाईला कुठल्याही चार आकड्यांपुढे उभं केलं तर ती कोणता उचलेल हे बारावीच्या निकालापासून ठरलेलं असतं. मी तेराचा आणला. खोक्यावर एक हसणारं कुटुंब होतं, गालिच्यावर लोळणारं. आठ म्हणजे काठावर पास, अकरा म्हणजे बरा, तेरा म्हणजे बोर्डात आलेला. आमच्या फर्नेसची फिल्टरची खाच बोटभर रुंदीची आहे, एवढ्या दाट कागदातून हवा ओढायची तिची ताकद नाही, तिला आठ किंवा फार तर अकरा चालतो, हे तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. ती पुस्तिका मी या महिन्यात वाचली. एरवी मी औषधाच्या बाटलीवरचंही सगळं वाचते.

तोंडावर उशी धरून श्वास घ्यायचा, तसं त्या फर्नेसचं झालं. आणि तेराचा महाग, म्हणून तो तीन महिन्यांनी बदलायचा असतो तिथे आम्ही त्याच्यावर अख्खा हिवाळा काढायचो. तुमच्या धुपाविरुद्ध मी तो बसवला. धूर किती अडला कोण जाणे, हवा अडली. आणि हवा कमी पडली की ती आधी सगळ्यात लांबच्या खोलीत पोचेनाशी होते. सगळ्यात लांबची खोली तुमची.

त्यात वरच्या जिन्यापाशी भिंतीत एक मोठी जाळी आहे. वरच्या मजल्याची हवा तिथून परत खाली फर्नेसकडे जायची असते. ती जाळी दिसायला वाईट, म्हणून मी तिच्यापुढे माझं पुस्तकांचं कपाट ठेवलं होतं. येणारे-जाणारे जिन्यात थांबून ते कपाट बघायचे, म्हणायचे, काय संग्रह आहे. त्या संग्रहामुळे वरची गार हवा वरच बसून राहायची.

दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही म्हणालात, "यंदा जास्त आहे." आम्ही त्याला वय म्हटलं. तिसऱ्या हिवाळ्यात तुम्ही काही म्हणाला नाहीत. आम्ही त्याला सवय म्हटलं. चांगलं वाटलं आम्हाला. आई रुळल्या, असं मी फोनवर मेधाला सांगितल्याचं आठवतं.

मेधा दर दसऱ्याच्या सुमाराला फोन करायची. आईला चार महिने पाठव, मी खोली करून ठेवलीय, ऊन येतं तिथे दिवसभर. आणि मी तिला म्हणायचे की नाशिकला डिसेंबरात हुडहुडी भरते, घरात हीटर नाही, फरशी बर्फासारखी, या वयात कशाला. इथे सगळं घर एकसारखं तापलेलं असतं. 'एकसारखं' हा माझा शब्द. तुम्ही ओट्याशी काहीतरी निवडत बसलेल्या असायचात, फोन स्पीकरवर असायचा. एकदा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नाशिकला थंडी सगळ्यांना सारखी वाजते."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी लायब्ररीत दोघींना इंग्रजीत करून सांगितलं. इंग्रजीत त्याची मजा गेली, पण त्या हसल्या. वाक्य म्हणून मी त्याला पुरेपूर दाद दिली. माहिती म्हणून ते मी ऐकलंच नाही.

न पाठवण्याचं खरं कारण हीटर नव्हतंच. ईराची बस साडेतीनला यायची. तुम्ही दारात असायचात. घरात शिरताच तिला गरम पोळी मिळायची, आणि ती इंग्रजीत तुम्हाला शाळेचं सांगायची आणि तुम्ही मराठीत तिची उलटतपासणी घ्यायचात. तुम्ही होतात म्हणून मी संध्याकाळची ड्यूटी घेऊ शकत होते. तुम्ही चार महिने गेला असतात तर आमचं वेळापत्रक कोसळलं असतं. तेव्हा घर गरम असणं आम्हाला गरजेचं होतं, आणि म्हणून ते गरम होतं. एरवी मी लोकांच्या भाषणांतले असले सोयीचे निष्कर्ष बरोब्बर पकडते. तुम्हीच शिकवलंत पकडायला. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी 'निःस्वार्थ' म्हणालं की तुम्ही माझ्याकडे वळून हळूच विचारायचात, "याला काय हवंय गं?"

तुमच्याकडून मिळालेलं लिहायला लागले तर अध्यक्षांची दोन पानं पुरणार नाहीत. मी आणलेली पुस्तकं तुम्ही माझ्या आधी उघडायचात आणि पहिलं पान वाचून निकाल द्यायचात. "हा माणूस स्वतःवर फार खूश आहे," म्हणून परत. तुमचा निकाल क्वचितच चुकला. माझी नोकरी जायची वेळ आली होती तेव्हा सगळ्यांनी मला धीर दिला. तुम्ही विचारलंत, "साहेबाचा स्वभाव सांग," आणि मग आपण दोघींनी मिळून एक पत्र लिहिलं, अर्ध्या मराठीत, आणि नोकरी राहिली. माझ्या आईशी मी इतकी बोलले नसेन तितकी तुमच्याशी बोलले.

आणि हे सगळं बोलणं स्वयंपाकघरात झालं. हिवाळाभर तुम्ही सकाळपासून ओट्याजवळच्या स्टुलावर असायचात, पाठ ओव्हनकडे करून. मला वाटायचं माझ्यासाठी. लोकांना सांगायचेही, आमचं मैत्रिणींसारखं आहे, आई वर करमतच नाही म्हणतात. आता मी त्या दुपारी परत आठवते आणि मला कळेनासं होतं, त्यातलं माझ्यासाठी किती होतं आणि ओव्हनसाठी किती. तुम्ही सांगितलं असतंत तर खरं सांगितलं असतंत. मी विचारलं नाही, कारण माझ्या मनात प्रश्नच नव्हता. आणि आता जो काही उरलाय तो फक्त प्रश्न.

त्या दुपारी मी तुमच्या पलंगावरून उठून खाली गेले आणि अनिरुद्धला वर बोलावलं. तो म्हणाला, दार बंद राहिलं असेल. आम्ही दार उघडं ठेवलं. ईराच्या जुन्या फिशटँकचं थर्मामीटर तुमच्या उशाशी ठेवलं, आणि चहा करून परत गेलो तर ते साठवर होतं. खाली पॅसेजमध्ये बहात्तर. अनिरुद्धने टिश्यूची एक पट्टी फाडून खिडकीखालच्या व्हेंटवर, गरम हवा जिथून येते त्या झडपेवर, धरली. ती लोंबत राहिली. घरात फर्नेस घरघरत होती आणि ती पट्टी हलायलासुद्धा तयार नव्हती.

तो बेसमेंटमध्ये गेला. मी मागोमाग. त्याने फिल्टर ओढून काढला. तो काळपट झाला होता आणि मधोमध आत वाकला होता; फर्नेसने त्याला इतके महिने पोटात ओढून धरलं होतं. तो बाहेर येताच तिचा आवाज बदलला. कण्हणं थांबलं. अनिरुद्धने कपाटात मागे पडलेला आठचा जुना फिल्टर शोधून घातला. स्वयंपाकघरातले दोन व्हेंट अर्धे बंद केले, म्हणजे तिथली हवा पुढे जाईल. पंखा सतत चालू राहील असं बटण केलं. मी वर जाऊन कपाट रिकामं करायला लागले, पाहुणे मदतीला आले, पुस्तकांचे ढीग जिन्यात लागले, चौघांनी कपाट सरकवलं. तुमच्या फोटोसाठी जागा करतोय असं त्यांना वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

दिवेलागणीपर्यंत तुमची खोली अडुसष्टवर आली.

एवढंच होतं, आई. एक स्वस्तातला फिल्टर, एक कपाट, दोन झडपा आणि एक दुपार. मला वाटत होतं, कळेल तेव्हा काहीतरी मोठं कळेल. भिंती उघडाव्या लागतील, हवेचे नवीन डक्ट घालावे लागतील, निदान कुणी माणूस बोलवावा लागेल. एवढं अवघड असतं तर मला बरं वाटलं असतं.

अनिरुद्ध जिन्यात पुस्तकांच्या ढिगात बसला होता, तो काळा फिल्टर मांडीवर घेऊन. म्हणाला, "आकडा चुकीचा नव्हता."

"नाही," मी म्हटलं. "पण तो तिथला होता."

मग तो म्हणाला, "मी मागच्या सीटला वेगळा सेन्सर देतो. ती सीट रिकामी असली तरी देतो." आणि फिल्टर तसाच मांडीवर धरून राहिला. त्याची पँट काळी झाली.

ईरा वर आली. तुमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "इट्स सो नाइस इन हिअर." मग आमच्याकडे पाहून, "व्हाय डिडन्ट वी डू धिस बिफोर?" तिच्या बापाने माझ्याकडे पाहिलं आणि मी पुस्तकं उचलायला लागले.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, हे तुम्हाला सांगायला हवं. ते म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, ती कुठेही फुटली असती, थंडीचा काही संबंध नाही. हे ऐकल्यावर मला हलकं वाटलं आणि मी अनिरुद्धला लगेच फोन करून सांगितलं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मला त्या वाक्याची किती घाई होती. तुम्ही कशाने गेलात हा प्रश्नच नव्हता. तुम्ही कशात राहिलात हा होता, आणि तो डॉक्टरांना विचारायचा नव्हता.

वरचं सगळं लिहून मी दोन दिवस तसंच ठेवलं. काल मेधाला फोन केला.

तिला पहिल्यापासून सांगितलं, काही सोडलं नाही. धूप, तेराचा फिल्टर, कपाट, साडेतीनची बस. साठचा आकडाही सांगितला. तो तिला सेल्सियसमध्ये करून द्यावा लागला: पंधरा. मी म्हटलं, आई तुझ्याकडे यायला हव्या होत्या. आम्ही त्यांना इथे गारठ्यात ठेवलं आणि तुला सांगितलं की घर गरम आहे. सभेत जे म्हटलं गेलं ते खोटं आहे हे मला तेव्हा माहीत होतं आणि मी गप्प बसले.

ती ओरडेल अशी माझी तयारी होती. ओरडली असती तर मी ते घेतलं असतं. पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत होता. नाशिकला आता उकडायला लागलंय.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "आई मला गारठ्याचं सांगायची. रोज नाही, पण सांगायची. मी दादाला विचारलं तर त्याने मला तो थर्मोस्टॅटचा फोटो पाठवला. बहात्तर. मी तो आईला फॉरवर्ड केला. खाली लिहिलं, बघ, घर किती गरम आहे, उगाच मनाला लावून घेतेस."

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, मग त्यावर आई काय म्हणाल्या.

ती फोनमध्ये शोधत राहिली. सापडल्यावर तिने तुमचा मेसेज वाचून दाखवला, तुम्ही वाचला असतात तसाच, शुद्ध आणि सावकाश: "भिंतीची तब्येत उत्तम दिसते. कळवल्याबद्दल आभारी आहे."

दोघींपैकी कुणाला आधी हसू फुटलं सांगता येणार नाही. फुटलं खरं, आणि थांबलंही एकदमच.

"तेव्हाही मी खूप हसले होते," मेधा म्हणाली. "ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, आमची आई बघा म्हणून. आणि मग कामाला लागले."

मी म्हटलं, मीही.